प्रकाशाचें खड्ग आणि नळाची मूठ

लग्नामुंजीची पंक्ति उठली, पाहुणेमंडळी मार्गस्थ झाली आणि चार घरांतून मागून आणलेलीं भांडीं घासूनपुसून ओसरीवर मांडलीं गेलीं, म्हणजे ज्याचें भांडें त्याला परत करण्याचें नाजूक काम घरांतील वडील बायकांकडे येतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बहुतेक भांड्यांवर नांव घातलेलें असतें. परंतु एखाद्या वाटीवरील नांव वर्षानुवर्षांच्या घासण्यानें पुसट झालेलें असतें, तर एखाद्या पातेल्यावर तें मुळीं घातलेलेंच नसतें. अशा वेळीं आजी तें पातेलें उजेडाकडे धरते, कांठावरून अंगठा फिरविते आणि शांतपणें निकाल देते, "हें आपलें नव्हे. आपल्या पातेल्याला कांठाखालीं पोंचा आहे." ह्या निकालावर अपील नसतें, आणि शेजारच्या घरीं चौकशी केली असतां तो बिनचूक असल्याचेंच बहुधा आढळून येतें.

वस्तु वारंवार हाताळल्यानें आणि डोळसपणें पाहिल्यानें अंगीं येणाऱ्या ह्या विद्येला आपल्याकडे कोणीं शास्त्राची पदवी दिलेली नाहीं. तथापि नेमक्या ह्याच विद्येच्या बळावर पाश्चात्य देशांतील कांहीं हौशी मंडळींनीं एक विलक्षण उद्योग आरंभिला आहे. चित्रपटाच्या पडद्यावर क्षणभर चमकून जाणारें एखादें काल्पनिक शस्त्र अगर यंत्र प्रत्यक्षांत कोणकोणत्या खऱ्याखुऱ्या वस्तूंचे तुकडे जोडून तयार केलें होतें हें शोधून काढावयाचें, आणि मग तेच तुकडे मिळवून त्याची हुबेहूब प्रतिकृति घरीं बनवावयाची, असा हा उद्योग आहे. वरवर पाहतां हा निव्वळ पोरखेळ वाटेल. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु थोडें खोलांत शिरून पाहतां त्यांत विचार करण्यासारखें, आणि थोडें सावध होण्यासारखेंहि, पुष्कळ आहे असें आमच्या ध्यानांत आलें. म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

नाटकमंडळींच्या भाषेंत रंगभूमीवर पात्रांच्या हातीं येणाऱ्या वस्तूंना 'प्रॉपर्टी' म्हणतात. मंडळींच्या पेटाऱ्यांतील पुठ्ठ्याचा मुकुट, लांकडी गदा, बेगड चढविलेली तलवार ह्या सर्व वस्तू त्याच जातीच्या. नाटकाचा प्रेक्षक दूर बसलेला असतो. त्यामुळें बेगड खपून जाते. कॅमेऱ्याचा डोळा मात्र वस्तूच्या अगदीं जवळ जातो, आणि पुठ्ठ्याची लबाडी त्याच्यापुढें टिकत नाहीं. कथा राजेरजवाड्यांची असेल तर जुन्या बाजारांतून खरी तलवार आणून वेळ भागवितां येते. पण जी वस्तु जगांत कोठेंच अस्तित्वांत नाहीं, ती कोणत्या बाजारांतून आणावयाची?

१९७७ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंत प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स' ह्या चित्रपटाच्या कर्त्यांपुढें हाच प्रश्न उभा होता. दिग्दर्शक जॉर्ज लूकस ह्यांची कथा दूरच्या तारकामंडलांतील. तींत आकाशयानें होतीं, यंत्रमानव होते, आणि बटण दाबतांच जिचें प्रकाशाचें पातें बाहेर पडतें अशी एक अद्‍भुत तलवार होती. चित्रपटाचें बरेंचसें चित्रण १९७६ सालीं लंडनजवळील एल्स्ट्री येथील स्टुडिओंत झालें. लूकस ह्यांचा आग्रह असा कीं, हें काल्पनिक जग नवें कोरें, चकचकीत दिसतां कामा नये. तें वापरलेलें, मळलेलें, ठिकठिकाणीं डागडुजी केलेलें दिसलें पाहिजे. अशा गोष्टी मुद्दाम घडवून घ्यावयाच्या तर पैसाहि फार लागता, आणि तो तर बेताचाच होता.

सेट सजविण्याचें काम रॉजर ख्रिश्चन ह्या इंग्रज कलावंताकडे होतें. त्यांनीं युक्ति काढली ती अशी : मोडीत काढलेल्या विमानांचे आणि जेट एंजिनांचे भाग भंगाराच्या भावानें विकत आणावयाचे, ते सुटे करावयाचे, आणि भिंतींवर, दारांवर, काल्पनिक यंत्रांवर बसवावयाचे. तो भाग मुळांत कशाचा आहे हें प्रेक्षकाला कळत नाहीं. पण तो कोणत्या तरी खऱ्या कामासाठीं घडविला गेला आहे, हें मात्र डोळ्याला जाणवल्यावांचून राहत नाहीं. स्क्रू जेथें आहे तेथें तो असण्याला कांहीं कारण असतें. खांच पाडलेली असते ती कशांत तरी बसण्यासाठीं. युक्तीचें चीज झालें. १९७८ सालीं ह्या चित्रपटास मिळालेलें कलादिग्दर्शनाचें ऑस्कर पारितोषिक ज्या चौघांना विभागून देण्यांत आलें, त्यांत ख्रिश्चन हे एक होते.

कथानायक ल्यूक स्कायवॉकर ह्याच्या प्रकाशखड्गाची मूठ ख्रिश्चन ह्यांना लंडनमधील एका फोटोग्राफीच्या दुकानांत सांपडली. तेथील एका जुन्या पेटींत ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशच्या दांड्या पडून होत्या. अमेरिकेंतील रोचेस्टर शहरची ही कंपनी 'स्पीड ग्राफिक' नांवाचे मोठे कॅमेरे तयार करीत असे, आणि एके काळीं अमेरिकन वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांच्या हातीं बहुधा हाच कॅमेरा दिसे. इवो जिमा बेटावर निशाण उभारणाऱ्या सैनिकांचें, जो रोझेंथल ह्यांनीं १९४५ सालीं घेतलेलें जगप्रसिद्ध छायाचित्र ह्याच जातीच्या कॅमेऱ्यानें टिपलेलें आहे. कॅमेऱ्याच्या बाजूला ही चकचकीत दांडी उभी बसवीत. तिच्या पोटांत एकावर एक अशा तीन मोठ्या बॅटऱ्या, माथ्यावर वाटीच्या आकाराचा परावर्तक, आणि त्यांत एकदांच पेटून कायमचा विझणारा दिवा. तांबडें बटण दाबलें कीं दिव्यांत भरलेले धातूचे केसासारखे बारीक तंतू ऑक्सिजनमध्यें क्षणांत जळून जात आणि लख्ख उजेड पडे.

ख्रिश्चन ह्यांनीं वरचा परावर्तक काढून टाकला. मुठीवर पकड यावी म्हणून टी-अक्षराच्या आकाराच्या काळ्या पट्ट्या चिकटविल्या, खालच्या टोंकाला कमरपट्ट्यास अडकविण्यासाठीं कडी लावली, आणि मधल्या चापाच्या खांचेंत खिशांत मावणाऱ्या एका गणकयंत्रांतील भिंगांची पट्टी बसविली. आंकडे मोठे दिसावेत म्हणून त्या काळच्या गणकयंत्रांत असे बुडबुड्यांसारखे भिंगांचे मणी असत. एवढ्यावर खड्ग तयार झालें! योगायोग असा कीं, बटण दाबतांच प्रकाश देणें हेंच त्या दांडीचें मूळचेंहि काम होतें.

नायकाचा वृद्ध गुरु ओबी-वान केनोबी ह्याची भूमिका अलेक गिनेस ह्यांनीं केली होती. त्याच्या खड्गाची जुळणी ह्याहून अधिक चमत्कारिक आहे. जॉन स्टीअर्स ह्यांच्या देखरेखीखालील विभागांत तयार झालेली ही मूठ वीतभराहून थोडीच अधिक लांब. पण शोधकांनीं तिचे भाग एकेक करून ओळखले तेव्हां तींत पांच निरनिराळ्या वस्तूंचे तुकडे असल्याचें निष्पन्न झालें. 

जेथून प्रकाशाचें पातें बाहेर पडतें तें तोंड म्हणजे रोल्स-रॉइस कंपनीच्या 'डर्वेंट' जेट एंजिनांतील एक आंखूड नळी. ह्या एंजिनांत इंधन जाळण्याच्या कोठ्या वर्तुळाकार मांडलेल्या असतात; एका कोठींतील दाब शेजारच्या कोठींतील दाबाशीं समतोल राहावा म्हणून त्या अशा नळ्यांनीं जोडलेल्या असतात. हें एंजिन ब्रिटिशांच्या 'ग्लॉस्टर मीटिऑर' ह्या लढाऊ विमानाला बसवीत. हातांत धरावयाचा मधला भाग म्हणजे पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश फौजेचा 'नंबर ३' जातीचा ग्रेनेड. म्हणजे लांब सळईवर बसवून बंदुकीच्या नळींतून उडवावयाचा स्फोटक गोळा. त्याच्या अंगावर चौकटी चौकटी पाडलेल्या आहेत, त्या पडद्यावर हाताची पकड घट्ट बसावी म्हणून केल्यासारख्या दिसतात. मूळचा हेतु मात्र स्फोट होतांच कवचाचे तुकडे तुकडे होऊन चोहोंकडे उडावेत हा होता. त्याच्यावर लहानशी पवनचक्री होती, ती हवेंत फिरून सुटली म्हणजेच गोळा स्फोटाला सिद्ध होई. तिसरा तुकडा ब्राउनिंग मशीनगनच्या तोंडचा. उडालेल्या गोळीमागील वायूचा दाब वापरून बंदुकीचा धक्का वाढविणें हें त्याचें काम. चौथा तुकडा म्हणजे आपल्या परिचयाच्या ग्राफ्लेक्स दांडीचा चाप. आणि पांचवा, सर्वांत खालचा? ती आहे आर्मिटेज शँक्स ह्या इंग्रज कंपनीच्या नळाची मूठ. न्हाणीघरांत अगर स्वयंपाकघरांत पाणी सोडावयाचें असतां आपण जी फिरवितों, तीच!

वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणून पाहावें. खंदकांतील सैनिकाचा गोळा, विमानाच्या पोटांतील नळी, मशीनगनचें तोंड, वार्ताहराच्या कॅमेऱ्याचा चाप आणि घरांतला नळ हीं एका सूत्रांत ओंवलीं गेलीं, आणि पडद्यावर एका निःसंग वृद्ध योद्ध्याचें शस्त्र म्हणून कोट्यवधि लोकांनीं त्यांवर विश्वास ठेवला. ह्याच चित्रपटांतील पांढऱ्या चिलखतांतल्या शिपायांच्या हातीं दिसतात त्या बंदुका म्हणजे ब्रिटिशांची 'स्टर्लिंग' सबमशीनगन. तिच्या नळीभोंवतीं ख्रिश्चन ह्यांनीं त्याच टी-आकाराच्या पट्ट्या बसविल्या होत्या. हीच स्टर्लिंग परवान्यानें आपल्या देशांत कानपूरच्या कारखान्यांत तयार होत असे, आणि 'कार्बाइन' ह्या नांवानें ती आपल्या पोलिसांच्या व जवानांच्या खांद्यावर अनेकांनीं पाहिलेली आहे. दूरच्या तारकामंडलांतील शस्त्र आपल्या नाक्यावरच्या पोलिसापाशीं असावें, आणि तें आपल्या ध्यानींमनींहि येऊं नये, ह्याला काय म्हणावें!

आतां हे तुकडे ओळखतात कसे, हा प्रश्न साहजिकच उद्‍भवतो. कारण बनविणारांनीं ह्याची नोंद ठेवलेली नसते. वेळेची निकड, हाताशीं सांपडेल ती वस्तु, दुसऱ्या दिवशीं चित्रण. चित्रपट पुरा झाला कीं प्रॉपर्टी अडगळींत. शोधकापाशीं असतात तीं पडद्यावरील कांहीं क्षणांचीं दृश्यें आणि जाहिरातीसाठीं काढलेलीं थोडीं छायाचित्रें. त्यांवरून तो पहिल्यानें माप ठरवितो. नटाचा पंजा केवढा, दाराची उंची केवढी, ह्या माहीत असलेल्या मापांवरून माहीत नसलेलें माप काढावयाचें. मग मोजणी : खांचा किती, दांते किती, दोन भोंकांमधील अंतर केवढें. त्यानंतर देशकालाचा विचार. चित्रण १९७६ सालीं इंग्लंडांत झालें. तेव्हां तेथें भंगारांत काय मिळत होतें, नळ कोणत्या घडणीचे होते, कोणत्या युद्धाचें उरलेलें सामान बाजारांत येत होतें? केनोबीच्या खड्गांत इंग्रजी नळ, इंग्रजी एंजिन आणि इंग्रजी ग्रेनेड एकत्र यावेत हा योगायोग नव्हे. जेथें वस्तु बनली तेथल्या मातीचा वास तिला लागतोच. आणि सर्वांत शेवटीं खरी कसोटी : संशयित वस्तु प्रत्यक्ष मिळवून, मूळ छायाचित्रांतल्याच कोनांत ती धरून, तसाच उजेड पाडून, रेघेला रेघ जुळते किंवा नाहीं तें पाहणें. नऊ खुणा जुळल्या आणि दहावी जुळली नाहीं, तर त्या नऊ जुळल्याचा आनंद बाजूला ठेवून पुनः शोधास लागावें लागतें.

ह्या दहाव्या खुणेचें महत्त्व किती आहे ह्याचें उदाहरण खलनायक डार्थ व्हेडर ह्याच्या खड्गाचें. तेंहि फ्लॅशच्या दांडीपासूनच केलेलें. त्या काळीं अशा दांड्या अनेक कंपन्या करीत. साऱ्यांचें काम एक, घाट सारखा, बॅटऱ्या सारख्या, तेव्हां दुरून त्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसल्या तर नवल नाहीं. परंतु व्हेडरची मूठ ग्राफ्लेक्सची नसून 'एम्. पी. पी.' ह्या इंग्रज कंपनीच्या 'मायक्रोफ्लॅश'ची आहे, हें चापाच्या व इतर बारीक भागांच्या घडणीवरून ठरलें. सारखेपणा म्हणजे एकपणा नव्हे, हा तर्कशास्त्रांतला धडा येथें एका चापानें शिकविला.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेलें आणि १९६६ सालीं पुरें केलेलें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्या पुढें घेऊन, पाठाशीं पाठ ताडून, मागाहून शिरलेलें कोणतें आणि जुनें कोणतें ह्याचा निवाडा त्या पंडितांनीं केला. विषयाच्या थोरवींत महदंतर आहे हें आम्ही जाणतों. परंतु ह्या शोधकांची पद्धति त्याच कुळींतली आहे. त्यांच्यापुढेंहि 'पाठभेद' असतातच. एकाच खड्गाच्या अनेक प्रती चित्रपटांत वापरलेल्या असतात : एक जवळून दाखविण्यासाठीं, एक हातघाईच्या प्रसंगासाठीं, एक जाहिरातीच्या छायाचित्रासाठीं, आणि त्या एकमेकींशीं तंतोतंत जुळत नाहींत. कोणत्या प्रतीचें छायाचित्र आपण पाहत आहों हें ज्यानें आधीं ठरविलें नाहीं, तो हमखास चुकतो.

पडद्यावर पाहून बांधलेले तर्क आणि प्रत्यक्ष वस्तु ह्यांची गांठ पडण्याचा प्रसंग क्वचित् येतो. रिडले स्कॉट ह्यांच्या १९८२ सालच्या 'ब्लेड रनर' चित्रपटांतील नायकाचें पिस्तूल हें त्याचें उदाहरण होय. ऑस्ट्रियन 'स्टायर-मान्लिकर' रायफलीचा भाग आणि अमेरिकन 'चार्टर आर्म्स' कंपनीचें 'बुलडॉग' रिव्हॉल्व्हर ह्यांच्या संयोगानें तें बनलेलें आहे. त्याच्या प्रतिकृति करण्याचा खटाटोप हौशी लोकांनीं वर्षानुवर्षें केला. २००६ सालीं, म्हणजे चोवीस वर्षांनीं, तें मूळ पिस्तूल लॉस एंजल्सजवळ भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनांत मांडलें गेलें, आणि पडद्यावर कधींच न दिसलेले बारकावे तेथें लोकांना डोळ्यांनीं पाहतां आले. ज्यांनीं आपल्या प्रतिकृति आपल्या हातांनीं मोडून पुनः घडविण्यास घेतल्या, त्यांच्या प्रामाणिकपणाचें आम्हांस कौतुक वाटतें.

शोध नेहमीं बंदुका-तलवारींचाच असतो असें नाहीं. कित्येकदां तो थेट आपल्या माजघरांत येऊन पोंचतो. १९६६ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' ह्या दूरदर्शन-मालिकेंत मिठाला चटावलेल्या एका प्राण्याची गोष्ट होती. तिच्यासाठीं नव्या धाटणीच्या मीठदाण्या आणल्या. पण त्या इतक्या अपरिचित दिसल्या कीं, ह्या मीठदाण्याच आहेत हें प्रेक्षक ओळखणार नाहींत, अशी शंका आली. तेव्हां साध्या मीठदाण्या वापरल्या गेल्या, आणि त्या नव्या मीठदाण्या आकाशयानावरील डॉक्टरांच्या हातीं शस्त्रक्रियेचीं उपकरणें म्हणून देण्यांत आल्या! १९९९ सालच्या 'द फँटम मेनेस' चित्रपटांत एक योगी योद्धा ज्या यंत्रावर दूरस्थ शिष्याशीं बोलतो, तें स्त्रियांसाठीं निघालेल्या जिलेट वस्तऱ्याच्या मुठीवरून केलेलें आहे. आणि १९८० सालच्या 'दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक' चित्रपटांत शहर सोडून पळणाऱ्या लोकांत एक गृहस्थ कांखेंत एक पांढरें भांडें धरून धांवतांना दिसतो. तें भांडें म्हणजे घरगुती आइस्क्रीमचा पॉट, हें चाणाक्ष प्रेक्षकांनीं ओळखलें. मे महिन्यांत आंब्याचें आइस्क्रीम करतांना ज्यांनीं अशा पॉटाचा दांडा आळीपाळीनें फिरविला आहे, त्यांना त्या गृहस्थाची तारांबळ सहज समजेल! हा विनोद पुढें एवढा लोकप्रिय झाला कीं, २०१९ साली निघालेल्या 'द मँडलोरियन' मालिकेंत त्याच आकाराचें भांडें मौल्यवान धातु ठेवण्याची तिजोरी म्हणून कर्त्यांनीं बुद्ध्याच दाखविलें. प्रेक्षकाची ओळख कर्त्यापर्यंत परत पोंचली ती अशी.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, ह्यानें साध्य काय झालें? मुलाला प्रकाशखड्गाचें अद्‍भुत वाटत होतें. तुम्ही त्याला नळाची मूठ दाखविली आणि त्याच्या मनांतील अद्‍भुत घालविलें. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु आमच्या मतें घडतें तें ह्याच्या उलट. अद्‍भुत जात नाहीं. तें जागा बदलतें. आजवर ज्या मुठीकडे कोणीं ढुंकूनहि पाहिलें नव्हतें, तिच्या कडा किती विचारानें कोरल्या आहेत, ओल्या हाताला ती निसटूं नये म्हणून काय योजना केली आहे, हें तोच मुलगा प्रथमच पाहूं लागतो. त्या मुठीचा घाट कोणा तरी कारागिरानें बसून ठरविला होता. त्याचें नांव चित्रपटाच्या श्रेयनामावलींत नाहीं. असण्याचें कारणहि नाहीं. पण त्यानें केलेलें काम एवढें सच्चें होतें कीं, तें नळावरून उतरवून योद्ध्याच्या हातीं दिलें तरी खोटें दिसलें नाहीं. वस्तूची ओळख पटविणें म्हणजे अशा अनामिक हातांना त्यांचें देणें परत करणें होय, असें आम्हांस वाटतें.

ह्या उद्योगाला खरा डाग आहे तो निराळाच. ओळख पटली कीं किंमत वाढते. ग्राफ्लेक्सची दांडी हें ल्यूकचें खड्ग, असें जगजाहीर झाल्यावर जी वस्तु जुन्या बाजारांत कवडीमोलानें पडून राहत असे तिला भाव आला. विकणारे दांडी कॅमेऱ्यापासून अलग करून विकूं लागले, आणि घेणारे तिला भोंकें पाडून, परावर्तक फेंकून देऊन, खड्ग बनवूं लागले. जुने कॅमेरे जतन करणारांना त्यामुळें हळहळ वाटली तर त्यांत गैर काय आहे? ज्या दांडीनें एके काळीं कोर्टकचेऱ्या, आगी, निवडणुकी आणि युद्धावरून परतणारे सैनिक ह्यांवर उजेड पाडला, ती खरीखुरी इतिहासाची साक्षीदार. आणि तिचा बळी द्यावयाचा तो एका काल्पनिक तलवारीसाठीं! ज्या ग्रेनेडांनीं पहिल्या महायुद्धांत प्रत्यक्ष माणसें मारलीं, त्यांचे उरलेसुरले नमुनेहि ह्याच मार्गानें गेले तर त्यांची आठवण पुढें कोणीं कशावरून सांगावी? ज्या प्रेमानें वस्तु ओळखली गेली, तेंच प्रेम तिचा घात करूं शकतें. वाघाचा माग काढणें ही विद्या खरी. पण मागावर कोण जातो, ह्यावर वाघाचें भवितव्य अवलंबून असतें.

समाधानाची गोष्ट ही कीं, ह्या मंडळींतील विचारी लोकांनीं ह्यावरहि उपाय काढला. मूळ वस्तूचीं मापें काळजीपूर्वक घ्यावयाचीं, तिला धक्का लावावयाचा नाहीं, आणि त्या मापांवरून नवी दांडी, नवी नळी, नवा चाप घडवावयाचा. अशा रीतीनें ग्राफ्लेक्सच्या दांडीच्या, डर्वेंटच्या नळीच्या आणि त्या ग्रेनेडाच्याहि नव्या प्रतिकृति आज तयार होतात, आणि त्या इतक्या चोख असतात कीं, प्रतिकृतीसाठीं अस्सल वस्तु कापण्याचें कारण उरत नाहीं. चित्रकार चित्राची नक्कल करतो तेव्हां मूळ चित्र फाडीत नाहीं. हाच नियम येथेंहि लागू व्हावा हें योग्य होय.

असो. सातासमुद्रांपलीकडच्या ह्या हौसेची हकीकत सांगण्यांत आमचा आणखी एक हेतु आहे. आपल्या घरोघरच्या माळ्यांवर अशाच कितीतरी वस्तू पडून आहेत. कोणत्या बंबाची ही जाळी, कोणत्या पाळण्याची ही कडी, हा पितळी तुकडा समईचा कीं हंडीझुंबराचा, हें सांगणारीं माणसें अजून कांहीं घरांत आहेत. उद्यां तीं नसतील. त्यांच्या पश्चात् त्या वस्तु मोडींत जातील, किंवा शोभेचें जुनें सामान म्हणून दुकानांतून विकल्या जातील. आणि दोन्ही प्रकारीं त्यांचें नांव व काम पुसलें जाईल. ग्राफ्लेक्सच्या दांडीला निदान तिची ओळख काढणारे हजार डोळे मिळाले. आमच्या पानपुड्याला, चुनाळ्याला, दौतीच्या झांकणाला ते कोठून मिळणार?

तेव्हां येत्या सुटींत मुलांनीं एक खेळ खेळून पाहावा अशी आमची सूचना आहे. माळ्यावरून एकेक वस्तु खालीं आणावी. तिचा उपयोग काय असेल ह्याचा तर्क, मापावरून व घडणीवरून, आधीं आपापसांत करावा. आणि मग ती आजीआजोबांच्या पुढें ठेवावी. त्यांचा निकाल ऐकून तो एका चिठ्ठीवर लिहावा : वस्तूचें नांव, काम, आणि ती घरांत कोणाच्या वेळीं आली. चिठ्ठी दोऱ्यानें त्या वस्तूलाच बांधून ठेवावी. तर्क चुकले तर खट्टू होण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं केनोबीचें खड्ग ओळखलें तेहि पुष्कळदां चुकले असतील. आणि ज्या पातेल्यावर नांव घातलेलें नाहीं, त्याच्या कांठाखालीं पोंचा कोठें आहे, तेंहि आजीला ह्याच वेळीं विचारून ठेवावें.